व्हेरी प्लेन, नो डिझाइन

मास्टरांचं इंग्रजी त्यांच्या दुकानाएवढंच होतं. एका बाजूला शिलाई मशीन, दुसऱ्या बाजूला कापायचं टेबल, आणि मधे गिऱ्हाइकाला एक गिरकी घेता येईल इतपत जागा. लूज, टाइट, फिटिंग, ट्रायल, लायनिंग, चेक्स, प्लेन. एवढ्या भांडवलावर त्यांनी आयुष्यभर धंदा केला आणि कुणाचं काही अडलं नाही. "यू आर लूज," असं ते भल्याभल्या सभ्य बायकांना बिनदिक्कत सांगत, आणि त्या बायका निमूटपणे हात वर करून उभ्या राहत, कारण तोंडात टाचण्या धरलेल्या माणसाशी वाद घालून उपयोग नसतो.

अशा माणसाच्या चिरंजिवांनी लग्न ठरवलं ते नेमकं मराठीतला म ठाऊक नसलेल्या मुलीशी. मुलगी सर्व्हेअर होती. डोक्यावर टोपी, पायांत जाडजूड बूट, हातात लांबलचक टेप, दिवसभर रस्ते नाहीतर प्लॉट मोजत उन्हात हिंडायची. हे ऐकल्याबरोबर मास्टरांनी तिला मनोमन पसंत करून टाकलं. "म्हणजे आपल्याच धंद्यातली की! ती जमिनीची मापं घेते, मी माणसांची," असं ते दुकानात येईल त्याला सांगत सुटले.

त्यात मुलीने चिरंजिवांमार्फत निरोप धाडला, की लग्नातला गाऊन मी बाहेरून घेणार नाही, तुझ्या बाबांनीच शिवावा. झालं. मास्टरांना स्वर्ग दोन बोटं उरला. निम्म्या गावाच्या लग्नाचे कपडे त्यांच्या हातचे होते, पण घरात एकुलता एक मुलगा. स्वतःच्या घरातल्या नवरीसाठी शिवायची वेळ कधी आलीच नव्हती, आणि पुन्हा येणार नव्हती. मास्टरीणबाईंना मात्र निराळीच काळजी.

"लग्नात गाऊन?" त्या म्हणाल्या. "चारचौघांत? गाऊन घालून मी दूधवाल्यापुढे जात नाही!"

"अगं, तो गाऊन वेगळा. हा झोपायचा नाही, लग्नाचा. पायघोळ असतो."

"मग त्याला दुसरं नाव द्या बाई. माझ्या डोळ्यांपुढून तो फुलाफुलांचा हलत नाही."

आता खरं तर तिथेच मास्टरांनी कान टवकारायला हवे होते. शब्द एकच असला तरी कुणाच्या घरात तो काय घालून फिरतो याचा नेम नाही, हे बायकोने फुकटात शिकवलं होतं. पण आनंदात असलेल्या माणसाला शिकवणी लागू पडत नाही.

मग एका रविवारी मुलगी आणि तिची आई चहाला आल्या. चिरंजीव गाडी लावायला जागा शोधत गल्लीभर फिरत होते, मास्टरीणबाई आत कपबशांत गुंतलेल्या, आणि बाहेरच्या खोलीत मास्टर एकटे, समोर दोन इंग्रजी बोलणाऱ्या बायका. पहिला चहा मास्टरांनी स्वतःच नेऊन दिला. मुलीने एक घोट घेतला, आणि हसून, अगदी सहज, चहा फार गोड झालाय, थोडं गरम पाणी मिळेल का, असं विचारलं. पहिल्यांदा घरी आलेली मुलगी, होणारे सासरे समोर, पण 'व्वा, छान' म्हणून घशाखाली ढकलणं नाही, की कप हळूच टेबलाखाली सरकवणं नाही. मास्टरांचं काळीज सुपाएवढं झालं. ही मुलगी आतबाहेर एक आहे, हिच्या पोटात एक आणि ओठात एक नाही, असं त्यांना विहीणबाईंना सांगावंसं वाटलं. त्यांनी आपल्या सगळ्या इंग्रजीत हात घातला आणि त्यातला सगळ्यात उंची शब्द काढला.

"युवर डॉटर," ते छातीवर हात ठेवून म्हणाले, "व्हेरी प्लेन. व्हेरी, व्हेरी प्लेन. नो डिझाइन!"

विहीणबाईंचा कप वाटेतच थांबला. मुलीने खाली बघितलं. मास्टरांना वाटलं, लाजली. म्हणून त्यांनी आणखी एकदा 'व्हेरी' म्हटलं.

पुढच्या आठवड्यात मापं द्यायला ती येणार होती. आली नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही. मास्टरांनी टेबल पुसून ठेवलं, आरशाचा तडा गेलेला कोपरा पडद्याने झाकला, खडूला नवी धार काढली. शेवटी चिरंजीवच दुकानात आले आणि दाराच्या कडीशी चाळा करत म्हणाले, "बाबा, ती म्हणतेय की रेडिमेड बघते. तुम्हाला उगाच त्रास नको."

रेडिमेड! शिंप्याच्या घरात यायचं आणि कुठल्यातरी बाहुलीच्या मापाचं घालून यायचं! कुणी मुस्काटात मारली असती तरी मास्टरांनी गाल चोळून सोडून दिलं असतं.

"त्रास? मला? असं ती म्हणाली?"

"असंच म्हणाली. मीही दोनदा विचारलं. काही झालं नाही म्हणते."

'काही झालं नाही' याचा अर्थ मात्र जगातल्या सगळ्या भाषांत एकच असावा, कारण तो मास्टरांनाही लगेच कळला. घरी येऊन ते हातपाय न धुता तसेच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले.

मास्टरीणबाई दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होत्या. व्याकरणाशी त्यांचं कधी पटलं नाही, पण दिवसभर इंग्रजी कानावर पडायचं, आणि कोण, कुणाला, कुठल्या तोंडाने काय म्हणतं, हे त्यांच्या डोक्यात फिट्ट बसायचं. त्यांनी कणीक बाजूला ठेवली आणि उलटतपासणी सुरू केली.

"त्या दिवशी मी आत असताना तुम्ही काय बोललात?"

"कौतुक केलं. दुसरं काय करणार?"

"कुठल्या शब्दांत?"

"प्लेन म्हणालो."

"काय?"

"प्लेन. व्हेरी प्लेन." मग बायकोचा चेहरा बघून मास्टर जरा गडबडले. "तिला विमान ऐकू आलं असेल का गं?"

"विमान ऐकू आलं असतं तर देव पावला असता!" मास्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला, तो पिठाचा असल्यामुळे कपाळ पांढरं झालं. "अहो, मुलीच्या आईसमोर तुम्ही तिला दिसायला बेताची म्हणालात!"

मास्टर ताडकन उठले. चिरंजिवांचा शाळेतला शब्दकोश माळ्यावर होता, तो त्यांनी धुळीसकट खाली काढला आणि पानावर बोट ठेवून, कोर्टात पुरावा मांडावा तसे वाचू लागले. "हे बघ. साधा. सरळ. स्पष्ट. निष्कपट. निष्कपट म्हणतोय पुस्तकवाला! शिवाय मैदान. यात कुरूप कुठे आहे, दाखव."

"पुस्तकात शब्द एकटा बसलेला असतो हो. एकटं बसलं की सगळेच साधे दिसतात. माणसांत आला की त्याचे गुण कळतात." त्या पुन्हा कणकेकडे वळल्या. "आमच्याकडे प्लेन वॉटर म्हणतात, गुळण्या करायला. चांगलंच. डॉक्टर म्हणतात, मी प्लेनली सांगतो, दाढ काढावी लागेल. तेही चांगलं. पण परवा एक बाई फोनवर कुठल्यातरी भाचीबद्दल बोलत होती. प्लेन, पुअर थिंग, म्हणे. मुलीला प्लेन म्हटलं की मागोमाग ते पुअर थिंग येतंच. नाही म्हटलं तरी ऐकू येतं."

मास्टरांनी शब्दकोश मिटला. मग हळूच म्हणाले, "पण अर्थ तर तोच ना?"

"अर्थ तोच! आमचे डॉक्टर कधी पेन म्हणत नाहीत. डिस्कम्फर्ट होईल म्हणतात. दुखतं तेवढंच, पण पेन म्हटलं की माणूस खुर्चीतून उठतो. आणि इंग्रजीचं कशाला, तुम्ही दुकानात काय करता? त्या पोस्टातल्या बाईंना काय म्हणता?"

"शेलाट्या."

"आणि घरी येऊन मला काय सांगता?"

मास्टर कसनुसं हसले. घरी येऊन ते 'हडकुळी' म्हणत. टेप दोन्ही वेळा तेवढाच भरायचा. अख्ख्या जन्मात त्यांनी कुणाला जाडी म्हटलं नव्हतं, 'अंगाने भरलेल्या' म्हटलं होतं. कुणाचं पोट सुटलं म्हटलं नव्हतं, 'पट्टा जरा मागे घेऊ' म्हटलं होतं. मराठीत जो माणूस शब्दाला अस्तर लावल्याशिवाय बाहेर काढत नसे, त्याने इंग्रजीत मात्र नुसता कच्चा तुकडा पोरीच्या अंगावर टाकला होता. हे लक्षात आलं आणि त्यांना खरोखर लाज वाटली. ती पोर रात्री आरशासमोर उभी राहिली असेल का, असं मनात आलं, आणि मग त्यांना जेवण गेलं नाही.

त्यानंतर घरात शब्दांची ट्रायल सुरू झाली. मास्टर शब्दकोशातून एक एक शब्द आणत आणि मास्टरीणबाई तो दवाखान्यातल्या माणसांच्या अंगावर घालून बघत.

"सिंपल?"

"नको. ज्याला हिशेब कळत नाही त्यालाही सिंपल म्हणतात."

"इनोसंट?"

"तिच्यावर काय खटला आहे?"

"नेकेड? इथे उघड असं दिलंय. उघड सत्य."

"तो शब्द पुन्हा उच्चारू नका. विहीणबाई पोलिसांना बोलावतील!"

शेवटी मास्टरीणबाईंनी त्यांना एक लहानसं, कुठेही उसवणार नाही असं वाक्य दिलं. आय अ‍ॅम सॉरी, आय यूज्ड द राँग वर्ड. मास्टर ते इस्त्री करताना म्हणत, काजं करताना म्हणत, आणि एका गिऱ्हाइकाला चुकून म्हणाले, तर त्या गृहस्थांनी काही न समजता माफही केलं. मास्टरीणबाईंनी मुलीला फोन लावला. मास्टरांना तुला काही सांगायचंय, एकदा दुकानात येऊन जा, एवढंच म्हणाल्या. शिवायचा विषय काढला नाही.

ती शनिवारी दुपारी आली. कामावरून थेट, बुटांना माती लागलेली, ती तिने दाराबाहेर झटकली. टेबलाजवळ उभी राहून, मास्टरांना समजावं म्हणून सावकाश इंग्रजीत, पण आडपडदा न ठेवता बोलली. मला काही झालं नाही असं मी सांगितलं, ते खोटं होतं, म्हणाली. तो शब्द मला वाईट लागला. लहानपणी माझ्या आत्या तो शब्द माझ्याबद्दल, माझ्यासमोरच वापरायच्या. तुमच्या घरात तो ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

मास्टरांना सगळे शब्द कळले नाहीत. पण 'हर्ट' कळला, आणि आत्यांनी काय केलं तेही कळलं. पाठ केलेलं वाक्य मात्र डोक्यातून पार उडालं. सॉरी एवढंच निघालं, पुढचं काही येईना. ते एकदम वळले आणि फळीवरचे दोन तागे काढून टेबलावर आपटले.

पहिला तागा फुलाफुलांचा. त्यांनी त्याच कापडाची, बाजूला टाकलेली एक शिवलेली बाही पुढे केली. "सी. राँग." शिलाई वाकडी गेली होती, अगदी गुडघ्यातून मोडल्यासारखी, पण बोट ठेवल्याशिवाय दिसत नव्हती. "फ्लॉवर हाइड. डिझाइन हाइड एव्हरीथिंग."

मग दुसरा. बिनछापाचं, दुधाळ रंगाचं, लग्नासाठी म्हणून त्यांनी तिचा निरोप आला त्याच दिवशी आणून ठेवलेलं कापड. त्यांनी ते उलगडलं, हाताने सारखं केलं आणि तिचा हात धरून त्यावर ठेवला. "धिस, प्लेन. नथिंग हाइड. वन स्टिच राँग, होल वर्ल्ड सी." "व्हेरी डिफिकल्ट. व्हेरी बेस्ट. टी टू स्वीट, यू से, टी टू स्वीट! आय थिंक, धिस गर्ल, नथिंग हाइड. यू," ते कापडावर बोट आपटत म्हणाले, "धिस. नॉट फेस. हार्ट. हार्ट, प्लेन."

मुलगी कापडावरून हात फिरवत राहिली, आणि मग त्याच हाताने डोळे पुसले. मास्टरांनीही आधीच स्वच्छ असलेला चष्मा काढून सदऱ्याला पुसला. तेवढ्यात दवाखाना सुटल्यावर मास्टरीणबाई दारात येऊन ठेपल्या, पण आत न शिरता तिथेच थांबल्या.

मुलीने दारावरच्या पाटीकडे बघितलं. दुकान उघडं आहे असं सांगणारी इंग्रजी पाटी होती ती. मग तिने मास्टरांकडे बघितलं, ओठ दोनदा जुळवले, आणि धडा म्हणून दाखवावा तसं मराठीत म्हणाली, "बाबा, तुम्ही फार चालू आहात."

दारात मास्टरीणबाईंनी पदर तोंडात कोंबला.

मास्टरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. चालू! आयुष्यात एका पैच्या कापडाची कधी चोरी केली नाही, आणि घरात यायच्या आधीच सुनेने चालू म्हणावं! पण मागचे सगळे दिवस त्यांच्या कामी आले. ते रागावले नाहीत की खाली बघून गप्प बसले नाहीत. कुणीतरी त्या रविवारी आपल्याला विचारायला हवं होतं ते त्यांनी विचारलं. "व्हॉट यू मीन?"

तिने पाटीकडे बोट दाखवलं. मग समजावून सांगितलं. इकडे यायच्या आधी तिने चिरंजिवांना मेसेज करून विचारलं होतं, दुकान ओपन असेल का. त्यांनी तिला मराठी शिकवायची हौस म्हणून लिहिलं, दुकान चालू आहे. तेव्हा ओपन म्हणजे चालू. आणि बाबा मनाचे ओपन आहेत, त्यांनी सगळं उघडून दाखवलं, म्हणून.

"अगदी बरोबर आहे गं!" मास्टरीणबाई आता आत येऊन, डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाल्या. हसण्याचं पाणी होतं ते, निदान निम्मं तरी. मग त्यांनी तिला त्यांच्या दवाखान्यातल्या इंग्रजीत नीट समजावलं. दुकान चालू असलं तर चांगलं. दिवा चालू असला तर चांगलं. माणूस चालू असला तर पाकीट सांभाळायचं.

मुलीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बोटांच्या फटीतून सॉरी, सॉरी असं ऐकू येऊ लागलं, आणि मास्टर असे काही हसत सुटले की त्यांना टेबलाचा आधार घ्यावा लागला.

"नो सॉरी!" ते म्हणाले. "आय से प्लेन, यू से चालू. फिनिश. फिट्टंफाट!"

त्या शेवटच्या शब्दाचा तिला नंतरचा अर्धा कळला नाही. पण पहिला अर्धा ओळखीचा होता, शिंप्याच्या दुकानातला होता, आणि त्याचा दुसरा काही अर्थ असेल अशी शंकाही तिला आली नाही.

"फिट?" असं म्हणून तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात बाजूला पसरून, आरशासमोर उभी राहिली.

मास्टरांनी बायकोकडे बघितलं. मास्टरीणबाईंनी मानेनेच सांगितलं, दुरुस्त करू नका. मास्टरांनी गळ्यातला टेप काढला.

खांदा, छाती, कंबर, उंची. ते माप मोठ्याने म्हणत, खडूने टेबलाच्या कडेला लिहीत आणि उलगडलेल्या कापडावर खुणा करत. तिची नजर धंद्याची होती; टेपवरचा आकडा तिला उलटाही वाचता येत होता. थोड्याच वेळात तिने त्यांना थांबवलं. टेपवर वेगळं होतं आणि कापडावर तुम्ही खूण त्याच्या पुढे केलीत, तुमची चूक होतेय, असं तिने सरळ सांगितलं.

मास्टर खूश झाले. "नॉट मिस्टेक. माया."

"माया?"

तिने फोन काढला, शब्द घातला, आणि पडद्याकडे बघत राहिली. मग कापडाकडे बघितलं, खडूच्या दोन रेघांमधल्या बोटभर जागेकडे बघितलं. "इट सेज," ती गोंधळून म्हणाली, "लव्ह."

"नो, नो!" मास्टर घाईघाईने हात हलवू लागले. एकदा पोळलेला माणूस, पुन्हा चुकीचा शब्द घरात राहू देणार नव्हता. शिलाईच्या आत जास्तीचं कापड सोडतात, त्याला म्हणतात. बाहेरून दिसत नाही. पुढे कधी अंग भरलं, कपडा आवळू लागला, तर उसवून तेवढं सैल करता येतं. एवढं सगळं इंग्रजीत कसं सांगावं या विवंचनेत त्यांनी बायकोकडे वळून म्हटलं, "अगं, सांग की तिला. फोन चुकीचं सांगतोय."

मास्टरीणबाईंनी स्टूल ओढलं, त्यावर ऐसपैस बसल्या आणि पायातल्या चपला काढल्या.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "या वेळी बरोबर सांगतोय."